पाठीच्या हाडांचं सूप

परदेशी गोमांस हाडांसकट येऊ द्यायचं सरकारनं ठरवलं आणि सोलमध्ये माणसं मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उतरली. त्यांची समजूत काढायला मंत्रालयातले ग्यूसोक रोज टीव्हीवर येत. "मॅड काऊ रोगाची भीती मनातून काढा. मी माझ्या लेकीलासुद्धा हे खुशाल खाऊ घालीन," असं हसून सांगत.

घरी मात्र बायकोला बजावून ठेवलं होतं, देशी मांसाशिवाय काही आणायचं नाही. तो रोग गाईच्या कण्यात असतो, आणि माणसात शिरला की दहा-दहा वर्षं गुपचूप बसून राहतो, मग एक दिवस हात थरथरायला लागतात.

एका संध्याकाळी ते दाओनला, आपल्या लेकीला, आजीकडून आणायला गेले. पोर वाडगा तोंडाला लावून पांढरंशुभ्र सूप पीत होती.

"आई, हाडं कुठली गं?"

"परदेशी, पाठीची. शेजारीण मला टोमणा मारते, तुमचा लेक बाहेर बोलतो एक आणि घरी खातो एक. मी म्हटलं, माझ्या पोटचं पोर खोटं बोलायचं नाही. तिच्या डोळ्यांदेखत आणली आणि दिवसभर उकळली. तेव्हापासून शाळा सुटली की हिला रोज वाडगाभर देते. बघ, गाल कसे वर आलेत."

माऊलीनं लेकापुढेही एक वाडगा सरकवला.



हल्ली जेवताना ग्यूसोक टीव्ही लावत नाहीत. दाओनच्या हातातल्या जेवणाच्या काड्या थरथरतात का, तेवढंच बघत बसतात.