बत्तीसशेचा वेग

धाकटीच्या कॉम्प्युटरमध्ये बाबांनी जुन्या रॅमशेजारी नवी रॅम बसवली. खोक्यावर वेग छापला होता बत्तीसशे आणि कॉम्प्युटर दाखवत होता चोवीसशेच. बाबांचं डोकंच फिरलं. "चक्क गंडवलंत की मला!" त्यांनी फोनवर दुकानदाराला फैलावर घेतलं.

"अहो काका, माल चोख आहे," दुकानदार हसला. "तुमची जुनी रॅम हळू आहे. दोघी एकत्र असल्या की नवीही तिच्याच चालीने चालते, तिला मागे टाकून पळत नाही. जुनी काढून टाका, नवी सुसाट सुटेल."

बाबांनी जुनी रॅम काढून थोरल्याच्या रिकाम्या खाटेवर टाकली आणि कॉम्प्युटर चालू केला. खरंच की, बत्तीसशे! त्यांनी खुशीत धाकटीला हाक मारली, "बघ, कशी पळायला लागली!"

धाकटीने स्क्रीनकडे पाहिलंच नाही. खाटेवरची रॅम उचलून ती नुसती हातात धरून बसली.



"दादामुळे माझा अभ्यास मागे पडतो म्हणून त्याला गतिमंद मुलांच्या संस्थेत नेऊन ठेवलंत. तेव्हापासून माझं एक तरी पान पुढे सरकलंय का हो, बाबा?"