वीस मिनिटांचा पाव्हणा

दिवेलागणीला आबासाहेबाच्या घशाला पुन्हा कोरड पडली. साखर कारखान्यात उसाचं गळीत जोरात, त्यात बॉयलर दोनदा बंद पडला आणि साहेबानं चारचौघांत त्याचे आई-बाप काढले. अशा दिवशी पाय आपसूक गुत्त्याकडं वळायचे. पण दारू सोडून एक्केचाळीस दिवस झाले होते, आणि डॉक्टरनं तोंडावर सांगितलं होतं, आता पुन्हा प्यालात तर पोरीच्या लग्नात तुमचा फोटो ठेवावा लागेल.

तो मुकाट अंगणात आला, बाजेवर बसला आणि समोर प्लास्टिकची खुर्ची ओढली.

बारामतीच्या तेजश्रीमॅडमनी ही युक्ती शिकवली होती. व्यसन सोडवायच्या केंद्रात त्या समुपदेशक. तलफ आली की तिच्याशी भांडायचं नाही. तिला माणूस समजायचं, नाव द्यायचं, समोर बसवायचं आणि नुसतं बघत राहायचं. वीस मिनिटांत ती आपली आपण उठून जाते.

नाव द्यायचं म्हटल्यावर ह्याला दुसरं कुठलं सुचणार? सोमनाथ! वीस वर्षं मांडीला मांडी लावून प्यालेला शेजारी, वर्षापूर्वी दारूनंच गेलेला. दिवेलागणीला मेल्या माणसाला हाक मारू नये, हे सणसर गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण मॅडम पडल्या शहरातल्या, आणि ह्याला होती गरज. आजवर युक्ती लागूही पडली होती.

आज वीस मिनिटं झाली. चाळीस झाली. खुर्चीत कोणी दिसत नव्हतं, पण खुर्चीचे चारी पाय मातीत रुतले होते.

आबासाहेब बाजेवर मागं सरकला.

"सारजे!" तो बायकोला ओरडला. "ह्यो उठंना गं! आज मला घिऊनच जातोय."

सारजा चुलीपुढनं पदर खोचत आली. आधी नवऱ्याकडं बघितलं, मग खुर्चीच्या पायांकडं.

"उठंल कसा? दारात आलेल्या माणसाकडं रोज नुसतं टकाटका बघताय. पाणी इचारलं का कदी? पाव्हण्याला निरोप द्यायची बी रीत असती."

तिनं तांब्या भरून खुर्चीपुढं ठेवला. डोक्यावर पदर घेतला. जरा थांबून तांब्या उचलला, तर तो हलका लागला. तांब्या छातीशी धरून ती बोलली.

"भावजी, लई बसला. आता ह्यांना सोडा. पलीकडं लीलाबाई एकलीच हाय. घरी जावा."

खुर्ची करकरली. मातीतनं पाय सुटले. आबासाहेबाच्या घशातली आग अशी झर्रकन उतरली की त्याला रडूच फुटलं. सुटलो बाई, सुटलो, म्हणत त्यानं सारजाचा हात घट्ट धरला.

तेवढ्यात भिंतीपलीकडं कडी वाजली. सोमनाथच्या विधवेनं दार उघडलं होतं. सारजानं तोंडावर हात ठेवला. आपण हे काय करून बसलो! आता किंकाळी येणार.

पण लीलाबाईचा आवाज आला तो हसरा.

"आला व्हय? या, या. आज न पिता आला."