खणाच्या कडेचा मळ

जुनं फर्निचर पारखणाऱ्या तज्ज्ञसाहेबांनी मेजाचा खण ओढला, त्याच्या काळपट कडेवरून बोट फिरवलं आणि ते चक्क नाकाला लावलं.

"अहाहा! अडीचशे वर्षांचा मळ!"

सोलेनने तोंड फिरवलं. तो मळ तिच्या बाबाने, बाप्तिस्तने, गेल्या मंगळवारी कॉफीच्या रिकाम्या डब्यात कालवला होता. बदकाची चरबी, चुलीची काजळी आणि कारखान्याचा केर. नाक दाबून ढवळला होता तिनेच. शी! दोन दिवस तिला जेवण गेलं नव्हतं.

मेजाचा एक पाय तेवढा जुना. बाकी सगळं, झाकणावरची लाकडी फुलं, चोरकप्पा, किड्यांची भोकंसुद्धा, बाप्तिस्तने पॅरिसच्या सुतारआळीतल्या या अंधाऱ्या कारखान्यात चौदा महिने खपून केलेलं. खालचा शिक्का मात्र कधीच मेलेल्या एका उस्तादाचा. तो मारायला लावला व्यापारी व्हेर्दिएने. आणि आज गिऱ्हाईक म्हणून आलेल्या या तज्ज्ञसाहेबांसमोर त्याने बाप्तिस्तची ओळख काय करून द्यावी? "हा आमचा पॉलिशवाला."

"आज सांगणार ना, बाबा?" सोलेनने सकाळीच विचारलं होतं.

"सांगणार, पोरी. मरण्याआधी एका तरी माणसाला कळू दे, हे हात कुणाचे."

तज्ज्ञसाहेब आता गुडघ्यांवर बसून मेजाच्या पायाचं वळण कुरवाळत होते. जुन्या नव्हे, नव्या पायाचं. डोळे पाणावलेले.

"असे हात आता जन्माला येत नाहीत, व्हेर्दिए. तो माणूस आज भेटला असता ना, तर मी त्याच्या हाताचा मुका घेतला असता!"

बाप्तिस्त कोपऱ्यातून पुढे आला. त्याने हात पुढे केला. नखांत काजळी, बोटांवर वाळलेल्या सरसाची सालं.

"साहेब, हे मेज मी केलंय."

व्हेर्दिए तेलकट हसला. "म्हातारा सकाळीच वाइन लावून बसतो हो."

"पॉलिशवाले सगळीकडे सारखेच!" तज्ज्ञसाहेबही हसले. "आमच्याकडचा तर म्हणतो, राजाचं सिंहासन त्यानेच केलं."

बाप्तिस्तचा हात तसाच पुढे.

"घ्या की मुका!" सोलेन ओरडली. "म्हणालात ना आत्ता!"

तज्ज्ञसाहेबांनी त्या हाताकडे पाहिलं. ती काळी नखं दिसताच नाक मुरडून एक पाऊल मागे सरकले.

"शी, शी! आधी धुऊन ये ते."

मग ते मेजाकडे वळले, खणाच्या कडेवरून पुन्हा हळूच बोट फिरवलं, आणि डोळे मिटून ते नाकाशी नेलं.