झाडलेलं अंगण

धरणात बुडालेलं आमचं गाव अश्विनीबाईंनी आवाजानं शोधलं. एरवी समुद्राचे तळ मोजणारी ही बाई. नावेतलं यंत्र पाण्यात आवाज सोडायचं आणि तो तळाला आपटून परतला की पडद्यावर खालचं चित्र उमटायचं. थापा मी पुष्कळ मारतो, पण त्या दुपारी मी नावेतच होतो.

नाव सोपानची. त्याची म्हातारी आई साळुबाई हट्टानं आली होती, मरायच्या आधी आपलं घर एकदा बघायला.

पहिल्या फेरीत घर दिसलं. छप्पर नव्हतं, आत-बाहेर गाळच गाळ. नीट दिसावं म्हणून बाईंनी पुन्हा नाव वरून न्यायला लावली. या वेळी अंगणात गाळ नव्हता.

"मशीन बिघडलं का वो, बाई?" सोपाननं विचारलं.

"नाही. शेजारच्या अंगणात गाळ तसाच आहे."

साळुबाई पडद्याजवळ सरकली. "कुणीतरी झाडलंय," ती म्हणाली. "पावणं यायचं असलं की झाडत्यात."

तिसऱ्या फेरीत उंबऱ्यापासून आत चुलीपर्यंत वाट मोकळी झाली होती.

"आये, मागं सरक," सोपान म्हणाला.

साळुबाईनं पदर डोक्यावर घेतला आणि पायातल्या चपला काढून नावेच्या कडेला जोडीनं ठेवल्या.