दाराच्या आतली लिंबू-मिरची

आतून टाळ्या ऐकू आल्या तेव्हा साधना तुळजाबाईच्या ओट्यावर उभी होती, आणि घरात आपल्याशिवाय कोणी नाही असं तुळजाबाई तिला सांगत होती.

साधना गावची आशाताई. पुढच्या आठवड्यात भोकरदनला दिव्यांगांचं शिबिर होतं. घरात कोणी दिव्यांग आहे का, हा एकच प्रश्न विचारत ती भर दुपारी दारोदार फिरत होती. लोक आधी नाही म्हणायचे, मग चहा टाकायचे आणि चहा पिता पिता खरं काय ते सांगायचे. तुळजाबाईनं चहाचं नावच काढलं नव्हतं. ती दारात आडवी उभी होती.

त्या टाळ्या गावाला नवीन नव्हत्या. तुळजाबाईची पोरगी अक्षता कोरोनात संभाजीनगरच्या दवाखान्यात वारली, असं तिनंच गावाला सांगितलं होतं. त्या दिवसांत मयत गावात येत नव्हती, मातीला कुणी जात नव्हतं. त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. पुढे त्या घराजवळ कुणी थांबलं की आत टाळ्या वाजायला लागल्या, जोरजोरात, शेतातली पाखरं हाकलावीत तशा. पोरीचा जीव घुटमळतोय, असं गावानं ठरवून टाकलं.

अक्षताची बुद्धी लहान लेकराची. पण गावातल्या एकेका माणसाचं नाव तिला पाठ होतं. दिवसभर पारावर बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नावानं हाक मारायची. तेव्हा लोक तिला टाळून पलीकडच्या गल्लीनं जायचे. आता तेच लोक अमावस्येला तिच्या दारापुढे दहीभात ठेवून जातात. भुताचे लाड करायला आपल्याकडे कुणी मागंपुढं पाहत नाही.

साधनाही एरवी या गल्लीतून भरभर निघून जायची. आजही ती मागे सरकलीच होती. तेवढ्यात टाळ्यांच्या मागोमाग आत कुणीतरी खोकलं. चांगलं छातीत कफ झालेलं खोकणं. भुताला कफ होत नाही, एवढं तर आशाताईला कळतंच. तिनं तुळजाबाईकडे पाहिलं.

"काकू," ती हळूच म्हणाली, "अक्षता जित्ती हाये."

तुळजाबाई मटकन ओट्यावर बसली. मग बोलत राहिली, थांबेचना. कल्याणला, तिच्या पोराला, सांगून आलेली दोन स्थळं अक्षताला बघून परत गेली होती. तेवढ्यात ती बीमारी आली. पोरगी गेली, एवढं म्हणून टाकलं आणि सगळं सोपं झालं. कल्याणचं लग्न लागलं, तो पुण्याला राहायला गेला. सुनेच्या कानावर अजून काही नाही. लग्नानंतर खरं सांगून टाकू, असं तुळजाबाईनं मनाशी धरलं होतं. पण मेलं म्हणून सांगितलेलं माणूस परत जिवंत कसं करतात, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. पोरीचं दहावंही तिनं केलं. त्या दिवशी मी खरीच रडले, असं ती म्हणाली.

साधनाला तिचा संताप आला आणि कीवही आली. प्रशिक्षणात ऐकलेलं होतं नव्हतं ते सगळं तिनं सांगून टाकलं. असं कोंडून ठेवणं कायद्यात बसत नाही. चारचौघांत राहायचा तिचाही हक्क आहे. अशा पोरींना काम शिकवणारी शाळा जालन्यात आहे, सरकारची पेन्शन आहे.

"हक्क जित्त्या माणसाला असतेत, बाई," तुळजाबाई म्हणाली. "मेलेलं माणूस मी शिबिराला कसं न्यायचं?"

"हाताला धरून. दुसरा हात मी धरते."

तुळजाबाई ओट्यावरून उठली. तिनं कमरेची किल्ली सोडली आणि ती आत गेली. तिच्यामागं साधना.

मागच्या खोलीचं दार उघडलं. खिडकीला आतून पोतं ठोकलेलं होतं. दाराच्या आतल्या अंगाला लिंबू-मिरची टांगलेली होती, ताजी, गेल्याच शनिवारची. बाहेरचं काही घरात येऊ नये म्हणून लोक ती दारावर बाहेरून बांधतात. ही आतून कशी, असं साधनानं विचारलं.

कोपऱ्यात अक्षता उभी होती. अंगानं भरली होती. केसांना तेल, घट्ट वेणी, कपाळावर टिकली, अंगात स्वच्छ धुतलेला गाऊन. आईनं तिला नीट जपलं होतं, हे पाहून तर साधनाला जास्तच भरून आलं. अक्षतानं तिच्या तोंडासमोर जोरजोरात टाळ्या वाजवल्या. साधना हलली नाही. तिचे डोळे वाहत होते.

टाळ्या थांबल्या. अक्षता निरखून बघायला लागली.

"साधनावहिनी," ती म्हणाली. नाव अजून पाठ होतं.

साधनानं हात पुढं केला. अक्षतानं तो घेतला नाही. ती खाली वाकली आणि साधनाच्या पावलांकडे बघत राहिली, ती सरळ आहेत की उलटी, हे पाहावं तशी. मग उठून तिनं एका बोटानं साधनाच्या गालावरचं पाणी पुसलं.

"आई म्हणली, बीमारीत सगळं गाव मेलं," ती मायेनं म्हणाली. "वहिनी, तू कवा मेलीस?"