उजव्या सोंडेची तसबीर

बाळंतिणीची बाज बाहेर न्यायला एकच गडी पुरला. तसबीर आत आणायला मात्र तिघे लागले, आणि चौथे स्वतः हंबीरराव. "काच सांभाळा, काच," म्हणत ते नुसतेच मागं-पुढं करत होते.

हंबीररावांची बायको शालूबाई बाळाला छातीशी धरून माजघराच्या कोपऱ्यात उभी होती. सव्वा महिना अजून व्हायचा होता. मोलकरीण धोंडुबाईनं बाजेखालची शेगडी उचलली तशी पायांवरची ऊब निघून गेली. बाळ कालपासून खोकत होतं.

"माजघरातच लावायला पायजे व्हय?" तिनं विचारलं.

"उजेड हितंच बरा पडतोय," हंबीरराव म्हणाले.

भिंतीवर गणपती चढला. दगडावरून हातानं छापलेला, रंगागणिक वेगळा दगड. असल्या शिळाछाप चित्रांनी हंबीररावांच्या भिंती भरल्या होत्या. त्यातली लक्ष्मी कुठली नि सरस्वती कुठली, हे त्यांना दुसऱ्याला विचारावं लागे. पण कुठलं चित्र कुणाकुणाकडे नाही, हे तोंडपाठ होतं.

ह्या चित्राची तऱ्हाच न्यारी. छापखान्यात नव्यानं लागलेल्या करीमनं दगडावर गणपती सरळच काढला, आणि कागदावर तो उलटा उठला. सोंड उजवीकडं गेली. चूक ध्यानात येईतो थोडेच कागद निघाले होते. दगड लगेच घासून टाकले.

"आता असला कुठं मिळायचा न्हाय," हंबीरराव कागलहून आलेल्या गणपतरावांना सांगत होते. "साहेबाच्या बंगल्यावर बी न्हाय."

त्यांच्या आईनं, अंबूबाईंनी, तसबीर दारात आली तेव्हाच कानाला हात लावला होता. उजव्या सोंडेचा कडक असतो, बाळंतीण आणि तो एका छपराखाली चालायचे नाहीत, असं त्या म्हणाल्या होत्या. तसबीर परत जाईल, अशी त्यांची समजूत.

"मग बाळंतीण हलवा की," हंबीरराव म्हणाले होते. "परसात लाकडाची खोली हाय."

गणपतरावांनी खिशातून चांदीचे वाळे काढले. "आधी बाळाचं तोंड तरी दाखवा."

"बाळं काय, घरोघर असत्यात, गणपतराव. हिकडं या. हितनं बघा, रंग कसा उठलाय."

शालूबाई उंबऱ्यापर्यंत गेली. अंबूबाई तिथंच उभ्या होत्या. स्वयंपाकघरातून मटणाचा वास येत होता. पाव्हण्यासाठी सकाळीच बकरं पडलं होतं. ती थांबली.

"आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "देव एवढा कडक, मग चुलीवरचं पातेलं बी उतराय लागंल की."

अंबूबाईंनी सुनेकडं पाहिलं. मग तिच्या हातातल्या बाळाकडं.

"व्हय की," त्या म्हणाल्या. "माझ्या ध्यानातच न्हाय आलं. धोंडे, मटण उतरीव आन् तालमीतल्या पोरांस्नी देऊन ये. ह्या घरात आजपास्नं वरण-भात."

"आजपास्नं म्हंजे?" हंबीरराव वळले. "कवापतूर?"

"तुझा देव भिंतीवर हाय तवर."

"मी कागलास्नं वरण खायाला आलोय व्हय?" गणपतराव म्हणाले.

धोंडुबाई फडक्यानं पातेलं धरून दारात आली. रश्शावरचा तांबडा तवंग हलत होता. हंबीररावांनी तसबिरीकडं पाहिलं, पातेल्याकडं पाहिलं.

"थांब गं," ते म्हणाले. मग गड्यांकडं वळून, "तसबीर खाली घ्या."

काच सांभाळत तसबीर उतरली. धोंडुबाई आल्या पावली चुलीकडं परतली.

"ठेवू कुठं, रावसाहेब?" गड्यानं विचारलं.

"कुठं म्हंजे? परसातल्या खोलीत," अंबूबाईच म्हणाल्या. "घराच्या छपराखाली न्हाय ती. आन् आता मोकळीच हाय."

"तिथं नको," हंबीरराव घाईनं म्हणाले. "तिथं ओल हाय. एका रातीत बुरशी धरंल कागदाला."

शालूबाई त्यांच्या समोरूनच माजघरात परतली. बाळाच्या कुंचीची नाडी सुटली होती. तिनं कुंची नीट खाली ओढली, बाळाचे दोन्ही कान झाकले, आणि नाडी घट्ट बांधली.