हापशाचा आवाज

दर रविवारी सकाळी घराला कुलूप लावून मी तेलगावहून माजलगावला येते. घरात माझ्याशिवाय कुणी नसतं. सोमेश्वरच्या सायबर कॅफेत एक वेबसाइट आहे, तिच्यावरून अमेरिकेला फुकट बोलता येतं. माझा केदारनाथ तिकडे असतो. सोमेश्वर माझ्या कानाला हेडफोन लावतो नि म्हणतो, "बोला काकू."

त्या रविवारी केदारच्या बोलण्यामागं हापसा कुरकुरला. मग बादलीत पाणी पडायला लागलं.

"केदार, पाणी कोण हापसायलंय रं?"

"इथं कुठला हापसा, आई?" तो हसला. "तिसऱ्या मजल्यावर राहतो मी."

"लाइन खराब हाय काकू," सोमेश्वर म्हणाला. "कशाला जिवाला लावून घेता?"

लाइन म्हणे! माझ्या अंगणातल्या ज्या हापशाला रोज हात लावते, त्याचा आवाज मला कळत नाही?

मला बसवेना. मी पदराची गाठ चाचपली. घराची किल्ली तिथंच होती. तेवढ्यात हापसा थांबला आणि दाराची कडी वाजली. आमचीच कडी. ती आधी अडकते, मग सुटते.

"केदार, दार कुणी उघडलं?"

त्याच्या मागं बांगड्या वाजल्या, आणि माझ्याच आवाजात कुणीतरी विचारलं, "कुणाशी बोलायलास रं?"

"कुणी न्हाई, आई," केदार तिला म्हणाला. "कुणाची तरी माय हाय. चुकून लागलाय. थांब, बंद करतो."